पास झालेलं जॅकेट

“यावर विश्वास ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय!”

अंबादासरावांच्या जॅकेटच्या गोष्टीची सुरुवात ही अशी. लक्ष्मीबाई नगरातल्या त्यांच्या सरकारी क्वार्टरपुढे हिवाळ्याचं ऊन पडलं, खाटेवर मुंगफलीचा ढीग आला आणि ऐकायला दोन कान मिळाले, की ही गोष्ट निघालीच म्हणून समजा! त्या रविवारी तर कान भरपूर होते. करोल बागेत खोल्या घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी चार-पाच मराठी पोरं घरचा वरणभात मिळतो म्हणून आली होती. त्यांत कादंबरी नावाची लातूरची मुलगी होती. ती फार बोलत नसे. शेंगा फोडायची, दाणे खायची आणि ऐकायची.

“दिल्ली ते जयपूर!” अंबादासरावांनी मांडीवर थाप मारली. “मोटरसायकलवर! जानेवारीच्या धुक्यात! आणि अंगात काय? सरोजिनी नगरच्या ढिगातून उपसलेलं जॅकेट! वाऱ्याची झुळूक आत आली नाही, की पाण्याचा थेंब आत गेला नाही! आणि हे मी हवेत बोलत नाही. पुरावा आहे माझ्याकडे. आत ट्रंकेत ठेवलाय. पण तो गोष्ट संपल्यावर. आधी मागायचा नाही!”

आत स्वयंपाकघरात शिवांजलीकाकूंनी तवा आपटला. अंबादासराव गोष्ट सांगायला बसले की तवा अधूनमधून आपटला जातो. तिकडे लक्ष द्यायचं नसतं.

आणि मग अंबादासराव स्वतःचीच गोष्ट परक्या माणसाची असल्यासारखी सांगू लागले. आपणही तशीच ऐकू.

तर हा अंबादास तेव्हा एका मंत्रालयाच्या खरेदी शाखेत होता. सरकार जे जे विकत घेई, त्याचा नमुना आधी त्याच्या टेबलावर येई. बादली आली, की तो तिच्यावर उभा राही. ब्लँकेट आलं, की ते शिपायाला पांघरायला देऊन त्याला पंख्याखाली बसवी आणि शिंकेची वाट बघे. कुलूप आलं, की ते कपाटाला लावून पुरवठादाराला म्हणे, “अब बिना चाबी के खोलिए.” उघडलं तर कुलूप कच्चं म्हणून नापास. नाही उघडलं तर प्रयत्न कच्चा म्हणून नापास! दिल्लीतले पुरवठादार त्याला लांबून बघून रस्ता बदलत.

आणि चुकून एखादा नमुना पास झालाच, तर तो पांढऱ्या कापडात शिवून त्याच्यावर लाखेची सीलं ठोकली जात. पुढे येणारा माल या नमुन्यासारखा आहे की नाही, ते ताडून बघायला तो जपून ठेवायचा. अंबादासच्या हातचं सील एकदा लागलं, की साक्षात मंत्री आला तरी फुटायचं नाही! तसं ते कधी फुटलंही नव्हतं.

आता दुसरी बाजू. देशाची दारं नुकतीच उघडली होती. कोल्ड्रिंकच्या बाटल्या काय, टीव्हीची चॅनेलं काय, सगळं धो धो आत येत होतं. आणि आलेलं सगळं आधी आपल्या भावाच्या घरी उतरतं, असा शिवांजलीचा समज होता. तिचा भाऊ गौरव गुडगावात एका परदेशी कंपनीला लागला होता. जिथे काल-परवापर्यंत मोहरी डोलत होती, तिथे उंच इमारतीत आठव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट! लिफ्ट बंद असायची, पण होती!

हा गौरव एके दिवशी नवं जॅकेट घालून बहिणीकडे आला. जॅकेट कसलं, किल्लाच तो! खांद्यांवर ढाली, कोपरांवर ढाली, पाठीवर कासव. सोफ्यावर बसला तर पाठ टेकेना, म्हणून उभ्यानंच चहा प्यायला.

“दाजी, पुढच्या शनिवारी आमचा ग्रुप जयपूरला चाललाय. बाइकवर. येताय?”

“येतो की!” अंबादास बोलून गेला. त्यानं नुकतीच शंभर सीसीची मोटरसायकल घेतली होती आणि ती आजवर घर ते ऑफिस याच्या पलीकडे गेली नव्हती.

गौरवनं त्याच्या अंगातल्या, शिवांजलीनं विणलेल्या स्वेटरकडे पाहिलं. “पण यात नाही हां, दाजी. हायवेवर प्रॉपर रायडिंग जॅकेट लागतं. नसेल तर असं करा ना, तुम्ही बिकानेर हाउसवरून डीलक्स बस पकडा. आरामात या. ब्लँकेटसुद्धा देतात. आम्ही जयपूरच्या स्टँडवर तुम्हाला उतरवून घेऊ. बिल्कुल टेन्शन घेऊ नका.”

ब्लँकेट! ज्या माणसानं सरकारच्या ब्लँकेटांना हयातभर घाम फोडला, त्याला बसचं ब्लँकेट! अंबादासच्या कानशिलांतून वाफ निघाली. आता मोटरसायकलवर जयपूर गाठायचं, नाहीतर मेव्हण्याच्या मित्रमंडळींपुढे हातात पिशवी घेऊन बसमधून उतरायचं. प्रश्न एवढाच होता, पण नाकाचा होता!

सरोजिनी नगरचा बाजार म्हणजे त्यांच्या घराचं परसदारच. परदेशी पाठवायला शिवलेला आणि पाठवायचा राहिलेला माल तिथे ढिगानं विकायला येई. एका ढिगाच्या शिखरावर विक्रेता झेंडा रोवल्यासारखा उभा होता. अंबादासनं ढिगात हात घातला आणि खालून एक काळं जॅकेट ओढलं. जाडजूड! आत रजईसारखं अस्तर! झिपेवर वाऱ्यासाठी वेगळी झाप! कोपरांना गाद्या! कॉलरवर लिहिलेलं, हॅम्बुर्ग! आणि किंमत अशी, की गौरवच्या जॅकेटची नुसती बटणं आली असती.

त्यानं ते अंगात घातलं. हॅम्बुर्गचा माणूस चांगलाच ऐसपैस असणार. त्यात आपला अंबादास पोत्यात मुसळ उभं केल्यासारखा दिसायला लागला. वर उजवी बाही डावीपेक्षा वीतभर लांब!

“भाईसाहब, ये आस्तीन छोटी-बड़ी क्यों है?”

“बाबूजी, बाइक चलाते हो? दायाँ हाथ कहाँ रहता है? एक्सीलेटर पे! तो लंबी आस्तीन दायीं. जर्मनी वालों का दिमाग है, अपना थोड़े ही!”

“फिर रिजेक्ट क्यों हुआ?”

“ज़्यादा अच्छा बन गया था!”

आयुष्यभर पुरवठादारांना घाम फोडणारा माणूस या उत्तरापुढे सपशेल नापास झाला. पैसे देऊन घरी आला.

शिवांजलीनं दार उघडलं आणि बंद केलं. पुन्हा उघडलं. “अगं बाई, तुम्ही होय! मला वाटलं गॅसवाला सिलेंडर डोक्यावर घेऊन आला.”

“हे रायडिंग जॅकेट आहे. शनिवारी जयपूरला जातोय.”

“हे घालून? हायवेवर? अहो, हे फाटलं, भिजलं, वाऱ्यानं फुगून तुम्हाला उडवून नेलं, तर मी काय करू? आधी याची परीक्षा होऊ दे. आबांनी पास केलं तर जा.”

“माझ्या वस्तूची परीक्षा? माझ्या?”

“लोकांच्या बादल्यांवर उभे राहता, तेव्हा बरं वाटतं का त्यांना?”

तेव्हा जॅकेट आबांपुढे गेलं. आबा म्हणजे शिवांजलीचे वडील, सुभेदार खंडेराव. हयात फौजेत गेलेली, शेवटची वर्षं दिल्ली छावणीत. आता राहायला गौरवकडे गुडगावला, पण लिफ्ट बंद म्हणून आठवड्यातले निम्मे दिवस मुलीकडे तळमजल्यावर. त्यांनी जॅकेट हातात घेतलं, वास घेतला, झिप वरखाली केली आणि मिशीवरून हात फिरवला.

“जावईबापू, फौजेत वस्तू जवानाच्या अंगावर चढवायच्या आधी तिचा जीव काढून बघतात. सुटली तर घ्यायची.”

“मामा, जीव वस्तूचाच काढतात ना?”

“बहुतेक.”

पहिली परीक्षा पाण्याची. हिरवळीवर मोटरसायकल स्टँडला लावली. तिच्यावर जॅकेट घातलेला, झिप गळ्यापर्यंत ओढलेला अंबादास. थंडी अशी, की गवतावरचं दव पांढरं झालेलं. खंडेरावांनी बादली उचलली.

“मुसळधार पाऊस!” आणि फसाक्! “समोरून ट्रक!” फसाक्! “खड्ड्यातलं पाणी!” फसाक्!

जॅकेटवरून पाणी मोत्यासारखं घरंगळत होतं. खंडेराव खूश. पण बादल्या वरून येत होत्या, आणि हॅम्बुर्गच्या गळ्यात अंबादासची मान म्हणजे विहिरीत सोडलेली काठी! पाणी मान धरून सरळ आत. आणि आत गेलेलं पाणी बाहेर येईना, कारण जॅकेट वॉटरप्रूफ! खालची दोरी आवळलेली, बाह्यांचे कफ आवळलेले. अंबादास हळूहळू फुगू लागला. छाती फुगली, पोट फुगलं, दंड पैलवानासारखे झाले.

“मामा, बास! मी भरलोय!”

झिप उघडायला गेले तर झिप अडकलेली. शेवटी खंडेरावांनी आणि तेवढ्यात आलेल्या दूधवाल्यानं मिळून त्याला पायांकडून उचललं आणि रांजण उपडा करावा तसा कुंड्यांवर रिकामा केला. शेवंतीला आठवडाभर पाणी घालावं लागलं नाही!

“पास!” खंडेराव गरजले.

“पण काका,” इथे कादंबरी पहिल्यांदा बोलली, “पाण्याचा थेंब आत गेला नाही म्हणाला होतात ना?”

अंबादासरावांनी शेंगांचा ढीग तिच्यापुढे सरकवला. “जॅकेटमधून नाही गेला! गळ्यातून गेला! दारातून पाहुणा आत आला, तर भिंत गळते म्हणतेस का तू? शेंगा खा!”

कादंबरीनं शेंग फोडली. गोष्ट पुढे निघाली.

दुसरी परीक्षा वाऱ्याची. आता दिल्लीत घरातल्या घरात हायवेचा वारा आणायचा कुठून? तर माळ्यावरून कूलर! भर जानेवारीत खंडेरावांनी तो खाली उतरवला, वाळ्याचे पडदे भिजवले, टाकीत बर्फाची लादी टाकली आणि पंखा फुल्ल सोडला. समोर उपड्या ड्रमवर अंबादास, मोटरसायकलच्या बैठकीत. हातात हँडल म्हणून आडवं धरलेलं लाटणं.

शेजारच्या भानुमतीबाईंनी खिडकीतून डोकं आत घातलं. त्यांचे यजमान अंबादासच्याच मंत्रालयात, आणि कॉलनीतली प्रत्येक बातमी आधी भानुमतीबाईंकडे येऊन मगच पुढे जाई.

“अगं शिवांजली, जानेवारीत कूलर?”

“ह्यांना वारा लागतोय का, ते बघतोय.”

“आणि लाटणं?”

“ते माझं आहे. परत घेणारे.”

भानुमतीबाईंनी डोकं बाहेर काढलं. या घरात काहीतरी बरं नाही, हे त्यांनी तेव्हाच ताडलं.

“चाळीसचा स्पीड!” खंडेराव ओरडले. “साठ! आता धारूहेडा गेलं! ऐंशी! वळण घ्या, जावईबापू, वळण!” अंबादास लाटण्यासकट डावीकडे कलला. “म्हैस आडवी आली!” अंबादासनं ब्रेक म्हणून पाय दाबला, ड्रम घरंगळला आणि जावईबापू कूलरच्या मिठीत! त्याचे दात असे वाजत होते, की पलीकडच्या क्वार्टरमधल्या मुलीनं विचारलं, आंटी, टायपिंगचा क्लास सुरू केला का?

पण जॅकेट मानलं पाहिजे! वारा शिरला तो फक्त आखूड बाहीतून, डाव्या मनगटापाशी. तिथे शिवांजलीनं जुन्या मोज्याचा कफ शिवून दिला. बाकी सगळा वारा झापेनं अडवला. जॅकेट पास झालं. अंबादासला मात्र सणसणून ताप भरला. रविवारी सकाळी तो आतल्या खोलीत दोन रजयांखाली गुडूप झाला, आणि तिसरी परीक्षा त्याच्याशिवाय झाली. सगळा घोटाळा तिथेच झाला.

तिसरी परीक्षा म्हणजे घसरण्याची. माणूस गाडीवरून पडला आणि रस्त्यावर घसपटत गेला, तर जॅकेट टिकतं का? खंडेरावांनी जॅकेटमध्ये जुनी उशी कोंबली. तिला खाली अंबादासची ऑफिसची पँट जोडली, तिच्यातही चिंध्या भरल्या. वर अंबादासची माकडटोपी आणि तिच्यावर त्याचंच हेल्मेट. मग हा गडी दोरीनं मोटरसायकलच्या मागे बांधला आणि स्वतः गाडीवर बसून कॉलनीच्या रस्त्यावर जोरात सोडली!

भानुमतीबाई बाल्कनीत कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी पाहिलं. सुभेदार पुढे, ताठ. मागे दोरी. दोरीला अंबादास! पँट ओळखीची, टोपी ओळखीची, हेल्मेट ओळखीचं. वळणावर अंबादास उलटा झाला, फूटपाथवर आपटला, पुन्हा सुलटा झाला. आणि सुभेदार मागे वळून ओरडले, “वा रे गडी! अजून एक चक्कर!”

भानुमतीबाईंच्या हातून चिमट्यांचा डबा खाली. त्या धावत शिवांजलीकडे आल्या.

“शिवांजली! अगं... तुझे आबा... अंबादास भावोजी...”

शिवांजली रात्रभर नवऱ्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवून वैतागलेली. डोळे लाल. “नाव काढू नका त्यांचं! मी आधीच सांगत होते, हे जॅकेट जीव घेणार. ऐकलं नाही. आता पडलेत आत.”

“आत?” भानुमतीबाईंनी आतल्या खोलीकडे बोट केलं. “डॉक्टर?”

“आता कशाला डॉक्टर? आबा म्हणतात, होतं असं. फौजेत रोज होतं.”

भानुमतीबाईंनी तिला कडकडून मिठी मारली, डोळ्यांना पदर लावला आणि निघून गेल्या. शिवांजलीला वाटलं, तापाचं एवढं काय? बाई मनानं चांगली हो!

सोमवारी अंबादासचा ताप उतरला. अंग जड, म्हणून तो ऑफिसला उशिरा पोचला. बघतो तर सेक्शनमध्ये सगळे रांगेत उभे, माना खाली, चिडीचूप. साहेब मधोमध. अंबादास कायद्याचा माणूस. मफलर काढून तोही मागच्या रांगेत मान खाली घालून उभा राहिला. पण मन कुठे गप्प बसतंय? सेक्शनमधले आजारी लोक त्यानं डोळ्यांच्या कोपऱ्यातून तपासले. सगळे उभे!

“कौन गया, यार?” त्यानं पुढच्याच्या कानात विचारलं.

“अपना अंबादास,” पुढचा मान न वळवता कुजबुजला. “ससुर ने बाइक के पीछे बाँधके घसीट दिया. चुप रहो, दो मिनट पूरे होने दो.”

अंबादास गप्प राहिला. शिस्त म्हणजे शिस्त! पण थोड्या वेळानं त्याला राहवेना.

“आदमी अच्छा था?”

“ठीक था. सैंपल बहुत फेल करता था.”

“नियम से करता था!” अंबादास ओरडला.

सगळ्या माना वर झाल्या. सगळ्या मागे वळल्या. कुणी किंचाळलं, कुणी देवाचं नाव घेतलं. “साहब, ये तो ज़िंदा है!”

आणि मग, मंडळी, त्या खोलीत खरा शोक पसरला! कारण शोकसभा झाली की त्या दिवशी ऑफिस बंद, ही तिथली रीत. लोकांनी डबे आवरले होते, टोप्या चढवल्या होत्या, एकानं तर सिनेमाची तिकिटं काढायला भाऊ पाठवला होता. आता मेलेला माणूस मधोमध धडधाकट उभा!

“मतलब छुट्टी कैंसल?” मागून कुणीतरी हुंदका दिला.

साहेब विचारात पडले. चष्मा पुसला. “शोकसभा विधिवत हो चुकी है. आदेश निकल चुका है. वापस लेना हो तो ऊपर से मंज़ूरी चाहिए. इसलिए सब लोग घर जाइए. अंबादास जी, आप भी. और आइंदा टाइम पे आया कीजिए! टाइम पे आते तो ये नौबत ही नहीं आती!”

“सॉरी सर.”

“और वो जैकेट? सुना है उसी की वजह से ये सब हुआ. फट गया?”

“नहीं सर! खरोंच तक नहीं आई. तीनों टेस्ट में पास!”

साहेबांच्या भुवया कपाळात गेल्या. “पास हो गया और अब तक खुला पड़ा है? आप जैसे आदमी के घर में? सील कीजिए!”

अंबादासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरंच की! उभ्या नोकरीत पास झालेला नमुना त्यानं असा उघडा टाकला नव्हता. त्यानं कपाटातून लाख आणि पितळी शिक्का घेतला आणि तडक घर गाठलं. जॅकेटची नीट घडी घातली. मांजरपाटात बांधली, चारी बाजूंनी टाके घातले. मेणबत्तीवर लाख वितळवली. खंडेराव साक्षीला, सावधान उभे.

“अहो, पण...” शिवांजली म्हणाली.

“मध्ये बोलू नकोस! लाख गरम आहे!”

ठप्! ठप्! ठप्! चार कोपऱ्यांवर चार सीलं आणि मधोमध पाचवं. खंडेरावांनी कडक सॅल्यूट ठोकला. अंबादासचे डोळे भरून आले. नोकरीत एवढं सुबक सील त्याच्या हातून कधी उमटलं नव्हतं!

स्वयंपाकघरात तवा पुन्हा आपटला. या वेळी त्याच्यामागून उलथनंही आपटलं.

“आणि मग उजाडला शनिवार!” अंबादासरावांनी घाईघाईनं आवाज चढवला. “धुकं! धुकं किती? अरे, धौला कुआँला मी थांबून मफलर काढला, तो धुक्यावर टांगून ठेवला आणि लघवीला जाऊन आलो, तरी मफलर तिथेच!”

पोरं खिदळली.

“गौरवचा ग्रुप पुढे, मी मागे. गुडगाव गेलं. मानेसर गेलं. वारा असा, की समोरून येणाऱ्या उंटाची मान मागे वळलेली! आणि माझ्या जॅकेटात? मे महिना! बहरोडच्या ढाब्यावर सगळे उतरले, तर गौरव निळा पडलेला. ते त्याचं परदेशी जॅकेट! पाठीवर कासव आहे, पण पोटावर झिप फाटलेली! चहाचा ग्लास धरवेना पोराला. म्हणाला, दाजी, तुमचं जॅकेट कुठलं हो? मी म्हटलं, हॅम्बुर्ग! म्हणाला, दाजी, जरा माझ्या मागे बसून मला धरता का? ऊब येईल!”

“मग?”

“मग काय! वाटेत एका टँकरची तोटी सुटलेली, तिच्या धारेखालून गेलो. कोरडा ठाक! शाहपुरापाशी वाळूवरून घसरलो, पार शंभर हात फरफटत गेलो. उठलो, जॅकेट झटकलं आणि पुन्हा किक मारली. जयपूरच्या वेशीत शिरलो, तेव्हा सगळा ग्रुप माझ्या मागे, एका ओळीत, माझ्या आडोशानं! स्टँडवर डीलक्स बस नुकतीच लागत होती. मी तिच्यातल्या लोकांना हात केला. बिचारी ब्लँकेटं गुंडाळून बसलेली!”

“काका, हे जरा जास्तच होतंय हां!” एक पोरगा म्हणाला. “पुरावा दाखवा!”

“जास्त? मी जास्त बोलतो? थांब!”

अंबादासराव ताडकन उठले. आत गेले. ट्रंक करकरली. बाहेर आले ते दोन्ही हातांवर पांढऱ्या कापडाचं एक गाठोडं घेऊन, बारशाचं बाळ आणावं तसे. खाटेवरच्या शेंगा बाजूला सारून ते त्यांनी उन्हात ठेवलं. लाखेची सीलं लालबुंद चमकली.

“हे बघा! हेच ते! जयपूरपर्यंत माझ्या अंगावर होतं! पाण्याला पुरून उरलेलं, वाऱ्याला पुरून उरलेलं, तीन परीक्षा पास झालेलं! हात लावा, बघा!”

पोरं पुढे सरसावली. कादंबरीनं हातांवरची टरफलं झटकली. गाठोडं उचलून उलटं केलं, सुलटं केलं. टाक्यांवरून बोट फिरवलं. चारी कोपरे बघितले, मधलं सील बघितलं.

“काका, हे त्या सोमवारी लावलेलंच सील ना?”

“तेच! पाचच्या पाच!”

“नंतर कुणी काढून पुन्हा लावलं नाही?”

अंबादासरावांची छाती हॅम्बुर्गच्या मापाची झाली. “अंबादासचं सील आहे ते! त्या दिवसापासून आजपर्यंत कुणाची टाप नाही फोडायची! एक टवका उडालाय का, दाखव!”

“नाही ना उडाला,” कादंबरी म्हणाली आणि तिनं गाठोडं हळूच त्यांच्या मांडीवर ठेवलं. “मग शनिवारी तुम्ही यात शिरलात कुठून?”

अंबादासरावांनी एक शेंग उचलली. ती फोडली. आत दाणा नव्हता. आत तवाही आपटला नाही. स्वयंपाकघराच्या दारात काकू पदराला हात पुसत उभ्या होत्या.

“आता लगेहाथ हेही विचार गं त्यांना,” त्या म्हणाल्या, “बसमधलं ब्लँकेट पास केलं, की नापास!”